तिसरा कोण धरणार?

नियोजन कसं करायचं, हे मला कोणी शिकवू नये! मी बिस्किटांच्या कारखान्यात कामाला आहे. मालाच्या गाड्या कधी निघतील, कुठल्या वाटेनं जातील, कुठे थांबतील, सगळं मी ठरवतो. माझ्या हातून आजवर बिस्किटांचा एक पुडा चुकीच्या गावाला गेलेला नाही. (एकदा एक अख्खा ट्रक गेला होता, पण त्यात पुडे नव्हते, नुसते रिकामे खोके होते.) त्यामुळे बाबांना पुन्हा गाडी चालवायला बसवायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा घरात कोणालाही शंका नव्हती. म्हणजे होती, पण मी ती ऐकून घेतली नाही.

बाबांचं असं झालं. गेल्या वर्षी मी नवी गाडी घेतली. बाबांनी ती मोठ्या हौसेनं मागे घेतली आणि फाटकाच्या खांबाला नेऊन टेकवली. टेकवली म्हणजे काय, दिवा फुटला आणि खांब वाकला. मी एक शब्द बोललो नाही, अगदी शपथेवर सांगतो! पण बाबा खाली उतरले, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "झालं. आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

त्या दिवसापासून ते गाडीत मागे बसायला लागले. रस्त्याकडे बघायचेच नाहीत. गुडघ्यांवर ठेवलेले स्वतःचे हात बघत बसायचे. पुढे पुढे बाहेर पडणंच बंद झालं. "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी," एवढंच. मला ते बघवेना. कारण तुम्ही आमची पहिली गाडी बघितलेली नाही, आणि त्या गाडीतले बाबाही बघितलेले नाहीत!

तुमच्या घरातली पहिली गाडी आठवा बरं. बघा, चेहरा कसा आपोआप हसरा झाला! आमच्या पाचही जणांचा होतो. आकाशी रंग, गोल दिवे, आणि नाकाडावर चकचकीत पट्टी. बाबांनी ती एका औषधविक्रेत्याकडून जुनी घेतली होती, आणि त्यानं ती का विकली हे आम्हाला पहिल्याच वळणावर कळलं. तिचा तिसरा गिअर टिकत नसे. टाकला की घरंगळून बाहेर! मग आई पुढे बसून तो दोन्ही हातांनी धरून ठेवायची. आई शिवणकाम करायची, जाड कापडाला कात्री चालवून तिची पकड अशी झाली होती की तिनं धरलेला गिअर सुटायची हिंमत करत नसे. मागचं एक दार लागायचं नाही, ते ताई ओढून धरायची. हॉर्न मुका होता. ती जबाबदारी अण्णांची.

अण्णा म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. पेशानं ग्रंथपाल! आयुष्यभर लोकांना "शूऽऽ" करण्यात गेलेलं. घरीसुद्धा कुजबुजत बोलायचे. पण गाडीत बसले की खिडकीतून मुंडकं बाहेर काढून असे ओरडायचे की गुरं दावी तोडतील. काय ओरडायचे? "बाजूला व्हा! ब्रेक नाहीत!" आणि हे अगदी खरं होतं. ब्रेक होते, पण ते मनात आलं तर लागायचे.

मी सगळ्यात धाकटा. माझ्याकडे ठोकळा होता. चढावर गाडी बंद पडली की उडी मारायची आणि ती मागे येण्याच्या आत चाकामागे लाकडी ठोकळा घालायचा. मग ताई आणि अण्णा ढकलणार, बाबा गाडी सुरू करणार, आणि एकदा सुरू झालेली गाडी थांबवायची नाही हा नियम! धावत जाऊन लटकायचं. आणि या सगळ्या गोंधळात बाबा मात्र शांत. दोन बोटांनी चाक फिरवायचे आणि मान न वळवता एकेक शब्द सोडायचे, "तिसरा. दार. ठोकळा." आणि आम्ही जायचं तिथे पोचायचो! लहानपणी मला वाटायचं, जगात दोनच माणसं गाडी चालवू शकतात. एक बाबा, आणि दुसरा अजून जन्मायचाय.

तर, माझी दाढ दुखायला लागली म्हणून मी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीत आडवा झालो, तोंडात कापूस, आणि समोर भिंतीवर फोटो. आकाशी रंग, गोल दिवे, नाकाडावर पट्टी! मी हात उंचावून "आं! आं!" केलं.

"दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

मी जोरजोरात मान हलवून फोटोकडे बोट दाखवलं. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

शेवटी अर्धा गाल झोपलेला असताना मी त्यांना बाबांची सगळी कहाणी सांगितली. फोटोतली गाडी त्यांचीच होती, आमच्या गाडीच्याच जातीची. सुटे भाग गोळा करून, कित्येक वर्षं खपून त्यांनी ती नव्यासारखी केली होती. "मी तिला कोणाला हात लावू देत नाही," ते म्हणाले. "बायको काचेतून बघते." मग जरा वेळ हातातला आरसाच पुसत राहिले आणि अचानक म्हणाले, "रविवारी सकाळी घेऊन या तुमच्या वडिलांना. मैदानाला एक चक्कर. सपाट रस्ता. मी शेजारी बसेन."

बघा! नियोजन म्हणतात ते हेच.

रविवारी बाबा यायलाच तयार नव्हते. "डोळ्यांनी बघून येऊ नुसतं," असं सांगून आणले. आई, ताई, अण्णा सगळे होते. ताई आता मुख्याध्यापिका आहे, सगळी शाळा तिला टरकून असते. डॉक्टरांनी गॅरेजचं दार वर सरकवलं आणि आम्ही पाचही जण आहोत तिथे थांबलो. मोठी माणसं आम्ही, पण माझ्या तर अंगावर काटा आला! बाबा हळूहळू पुढे गेले. बॉनेटवर हात ठेवला, आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा बराच वेळ ठेवला.

"बसा ना काका," डॉक्टर म्हणाले.

"नको हो. मी खांबाला घालतो गाड्या."

"इथे खांब नाहीत. बसा."

बाबा बसले. डॉक्टर शेजारी बसायला वळले, तर तिथे आई बसलेली!

"काकू, तिथे मी बसणार आहे."

"आणि तिसरा कोण धरणार?" आईनं विचारलं.

"तिसरा काय?"

"गिअर!"

"काकू, ही गाडी मी स्वतः बनवलीय. तिचा गिअर घसरत नाही."

"तुमच्या हातात घसरत नसेल. ह्यांच्या हातात घसरतो," आई म्हणाली आणि पदर खोचून तयारीत बसली. मग डॉक्टर मागे, आमच्या तिघांच्या मध्ये. जागा अशी नव्हतीच. त्यांचे गुडघे कानाला लागले होते आणि पायाशी त्यांची हत्यारांची पेटी होती. सागवानी, पॉलिश केलेली.

बाबांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली!

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "लगेच सुरू झाली," ताई हळूच म्हणाली. "काहीतरी बिघडलंय."

निघालो. पहिल्या वळणाला बाबांनी श्वास धरून ठेवलेला मला दिसत होता. डॉक्टरांनीही धरला होता. दुसऱ्या वळणाला चाक जरा मोकळं फिरलं. आणि मग बाबांची मान ताठ झाली, आणि किती वर्षांनी तो आवाज आला.

"तिसरा."

आईनं झडप घातली! "दार," म्हणायच्या आतच ताईनं दाराची मूठ पकडून मागे ओढलं. दार मजबूत बंद होतं, त्यामुळे मूठच निघून तिच्या हातात आली. डॉक्टरांच्या तोंडून असा आवाज निघाला की तसा त्यांच्या दवाखान्यात मीही काढलेला नाही. "ती मूळ मूठ होती! कुठे मिळत नाही ती!"

"डॉक्टर, शिस्त पाळा. चालू गाडीत ओरडू नये," ताई म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच अण्णांनी खिडकी खाली केली. मला समजलं काय होणार ते, पण मधे डॉक्टर होते! अण्णांनी मुंडकं बाहेर काढलं. निवृत्त ग्रंथपालानं गेली कितीतरी वर्षं कुजबुजीत साठवलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला.

"बाजूला व्हाऽऽ! ब्रेक नाहीत!"

मैदानाच्या कोपऱ्यावर वाहतूक पोलीस उभा होता. एक सायकलवाला सायकल टाकून कुंपणात शिरला. पोलिसानं आकाशी गाडी बघितली, लटकणारे अण्णा बघितले, पुढे दोन्ही हातांनी गिअरला झोंबणारी म्हातारी बघितली, मागे तोंड उघडं टाकलेला एक माणूस बघितला, आणि त्याला जे समजायचं ते समजलं. त्यानं शिट्टी फुंकली, मोटारसायकलवर टांग टाकली आणि भोंगा वाजवत आमच्या पुढे सुटला! "रस्ता मोकळा करा! ब्रेक गेलेत!"

मैदानाची चक्कर राहिली बाजूला. पोलीस सरळ जाईल तसे बाबा त्याच्या मागे सरळ. आणि अहो, काय सांगू! समोरचा अख्खा रस्ता रिकामा! बस कडेला, रिक्षा कडेला, दुकानदार पायरीवर, गॅलऱ्यांत माणसं. सगळे श्वास रोखून आमच्याकडे बघताहेत. एका न्हाव्यानं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बाहेर आणलं होतं बघायला.

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे सगळं तू ठरवलंस? माझ्यासाठी?"

आता मी काय सांगणार होतो? त्या चेहऱ्याकडे बघून कोणाला खरं बोलवलं असतं? "हो बाबा," मी म्हणालो, "नियोजन!"

"ब्रेक आहेत!" डॉक्टर ओरडत होते. "चारही नवीन आहेत!" पण एका खिडकीत अण्णा, दुसऱ्या खिडकीत ताई आणि मी. त्यांचा आवाज गाडीच्या बाहेर जातच नव्हता. बाबांनी एक हात बाहेर काढून लोकांना दाखवला, लोकांनी घाबरून आणखी मागे सरकून घेतलं.

आणि समोर चढ आला.

चढाला दुसरा गिअर लागतो. बाबा दुसरा टाकायला बघताहेत आणि आई तिसरा सोडत नाही! "अगं, सोड!" "सोडला की घसरेल!" "काकू, सोडा!" गाडीनं दोन आचके दिले, माथा थोडाच राहिला असताना एक उसासा टाकला आणि ती बंद पडली.

त्यानंतरचं मी केलं असं मी म्हणणार नाही. ते माझ्या पायांनी केलं. "ठोकळा," बाबा म्हणाले, आणि मी बाहेर होतो! पोट सुटलेला, टक्कल पडलेला मी, हातात मिळेल ते घेऊन, मागच्या चाकाखाली! हातात काय मिळालं होतं ते कडकन आवाज आला तेव्हा कळलं. सागवान तसं टणक असतं, पण गाडीही काही हलकी नसते. ताई आणि अण्णा मागे धावले. आणि डॉक्टर? आपली गाडी मागे जाते आहे म्हटल्यावर तेही उतरले आणि सगळ्यात जोरात त्यांनी ढकललं. गाडी माथ्यावर चढली, पलीकडे कलली, घुर्रकन सुरू झाली, आणि गेली!

"थांबवा!" डॉक्टर किंचाळले.

"सुरू झाली की थांबवत नाहीत," अण्णांनी त्यांना कुजबुजून समजावलं. खाली उतरल्याबरोबर त्यांचा आवाज पुन्हा ग्रंथालयातला झाला होता.

आम्ही चौघं धापा टाकत माथ्यावर पोचलो आणि खाली बघितलं. लांबच लांब उतार. तळाशी तो पोलीस हातवारे करतोय. गादीवाल्यानं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या रस्त्यात आडव्या टाकल्या होत्या आणि त्यांच्यामागे ही गर्दी! आणि त्या गाद्यांच्या दिशेनं आमचे बाबा आणि आई, दोघंच, उतारावरून.

"दाबतील आता ब्रेक," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझा दंड धरला. "मागचे लाल दिवे बघा. लागलेच नाहीत. ते ब्रेकला पायच लावत नाहीयेत!"

आमच्या गाडीला ब्रेक नसायचे, म्हणजे बाबांच्या लेखी या गाडीलाही नव्हते! सगळं मी ठरवलेलं होतं. मीच आणलं होतं त्यांना खेचून.

आणि मग ते ऐकू आलं. इंजिनाचा सूर बदलला. भरधाव आवाज एकदम जाड झाला, गाडी जरा सावरली. तिसऱ्यावरून दुसरा! इतक्या लांबूनही मला दिसलं, पांढऱ्या केसांची दोन डोकी, एक किंचित हललं, दुसरं त्याच क्षणी. बाबांनी शब्द टाकला असणार आणि आईनं झेलला असणार. पुन्हा आवाज जड झाला. पहिला! गाडी एका कडेला गेली, दुसऱ्या कडेला गेली, उताराचा जोर असा थोडा थोडा खर्च करत, जराही घाई न करता, सपाटीला आली. इंजिन बंद झालं. आकाशी गाडी आपसूक सरकत सरकत गेली आणि पहिल्या गादीच्या वीतभर अलीकडे थांबली.

कोणी टाळी वाजवली नाही. मी स्वतः तोंडात बोट घालून उभा होतो, खरोखरचं बोट! मग एकदम जो गलका झाला तो आम्हाला वर माथ्यापर्यंत ऐकू आला.

आम्ही खाली पोचलो तेव्हा बाबा गर्दीत उभे होते. आई त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. गादीवाला त्यांच्या पाया पडायला बघत होता. पोलीस म्हणत होता, "माझ्या सगळ्या नोकरीत मी असं बघितलं नाही! ब्रेक नसताना, या उतारावर!" बाबा आपले हात उलटेसुलटे करून बघत होते. "गिअरवर उतरवली," ते म्हणाले, "हिनं धरला होता." इतकं साधं बोलले, पण त्यांचा चेहरा काय झाला होता! माझे डोळे वाहायला लागले आणि मी ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात पोलीस डॉक्टरांकडे वळला. "गाडी तुमची? ब्रेक नव्हते ना हिला?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांच्या हातात दाराची मूठ होती, काखेत पेटीच्या फळ्या होत्या. नुसतं "दाबून बघा" म्हणाले असते, की खेळ खलास! अण्णा आत, मी आत, आणि बाबा पुन्हा मागच्या सीटवर, कायमचे. मी डोळ्यांनी त्यांना किती विनवलं! त्यांनी बाबांकडे बघितलं.

"नव्हते," डॉक्टर म्हणाले.

मग माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मला ही गाडी माझ्या वडिलांसाठी तयार करायची होती. ती होईपर्यंत ते थांबले नाहीत." मी त्यांचा हात धरला.

बिनब्रेकची गाडी रस्त्यावर चालवू देणार नाही, असं सांगून पोलिसानं ती क्रेनला लावून दुरुस्तीला पाठवली. ठणठणीत गाडी, नाक वर करून लटकत गेली. बाबांनी डॉक्टरांच्या खांद्यावर थोपटलं. "गाडी सुंदर ठेवलीत हो. पण ब्रेक तेवढे करून घ्या. आज मी होतो म्हणून निभावलं."

"हो काका," डॉक्टर म्हणाले. "घेतो करून."

मग बाबांनी माझ्यापुढे हात पसरला. "तुझ्या गाडीची किल्ली दे. घरी मी नेतो." मी दिली. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कोणाला काही दिलं नसेल!

तेव्हापासून बाबा रोज गाडी काढतात. आई शेजारी असते. दोघं बाजारात जातात, ओळखीच्यांना भेटून येतात, उगाचच लांबच्या रस्त्यानं घरी येतात. बाबा पुन्हा जेवताना बोलायला लागलेत. सगळं अगदी माझ्या नियोजनाप्रमाणे झालंय. एकच गोष्ट आहे. त्या उतारापासून बाबांच्या मनात पक्कं बसलंय की ब्रेक ही नवशिक्यांची सोय आहे. माझ्या गाडीलाही ते ब्रेक लावत नाहीत! "जमतं रे," म्हणतात. आणि खरंच जमतं, अजून तरी.

मी हल्ली कामाला बसनं जातो. थांबा आला की चालक कचकन ब्रेक दाबतो, सगळे एकमेकांवर आदळतात आणि त्याला शिव्या घालतात. मी एकटाच पुढे जाऊन त्याचे आभार मानतो.